लीफरटेर्मीन का-वे 22 : डिचोलीतल्या एका काजू कारखान्याच्या मुदतीचं प्रकरण

कारखाना गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला. काजूबी उकडून, फोडून, गर बोरम्यात (सुकवायच्या भट्टीत) सुकवून, सोलून, निवडून विकणारा. मालक दुसऱ्या पिढीतले. कामगार त्यांना शेट म्हणतात, इथेही शेटच म्हणू. निर्यातीचे कागद सांभाळणारी मुलगी म्हापशाला माझ्याकडे जर्मन शिकायला यायची. वर्गातली बाकीची मंडळी जर्मनीत नर्सिंगला किंवा हॉटेलच्या शिकाऊ नोकरीला जाण्याच्या तयारीत होती. हिला कुठेही जायचं नव्हतं. तिला दक्षिण जर्मनीतल्या एका खरेदीदाराचे कागद कळायला हवे होते. काजू भाजून पाकिटं भरणारा हा घरगुती व्यवसाय आधी मुंबईच्या दलालामार्फत माल घ्यायचा. 2025 मध्ये पहिल्यांदाच त्याने थेट कारखान्याला ऑर्डर दिली.

जर्मन शब्द इथे देवनागरीत लिहिले आहेत. त्यातला ‘च’ सगळीकडे ‘चोर’मधला आणि ‘झ’ ‘झाड’मधला वाचायचा. जकातीला जर्मनमध्ये चोल म्हणतात आणि वेळेला चाइट. मराठी माणसाला हा च शिकवावा लागत नाही, तो घरूनच येतो.

ऑर्डर मार्चच्या मध्यावर आली. वीस फुटी कंटेनरभर माल : 700 खोकी, प्रत्येकी 22.68 किलो, सीआयएफ हॅम्बुर्ग, म्हणजे किमतीत हॅम्बुर्गपर्यंतचं भाडं आणि विमा धरलेला. छापील जर्मन फॉर्म, त्यात एका रकान्यात ‘लीफरटेर्मीन’ आणि त्यापुढे ‘का-वे 22’. मुलीने ॲपमध्ये घालून पाहिलं : ‘डिलिव्हरीची तारीख, आठवडा 22’. भाषांतर बरोबर होतं. तिने ‘थँक यू, नोटेड’ असं इंग्रजीत कळवलं आणि शेटना सांगितलं, मे अखेरपर्यंत माल द्यायचा आहे. शेट खूश झाले. गोव्यातला हंगाम फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंत. नवी बी सुकवून, गर काढून, प्रतवारी लावून मेच्या तिसऱ्या आठवड्यात कंटेनर भरायचा हा त्यांचा नेहमीचाच हिशोब.

एप्रिलच्या मध्यावर खरेदीदाराची मेल आली, यावेळी पूर्ण जर्मनमध्ये. माल रवाना झाला का, जहाजाचं नाव काय, आणि लीफरटेर्मीनबद्दल कारखान्याचं ‘आउफट्राग्सबेश्टेटिगुंग’, ऑर्डर पक्की केल्याचं पत्र, अजून का आलं नाही? ती मेल घेऊन ती वर्गात आली तेव्हा त्या दिवसाचा धडा बाजूला राहिला.

दोघांचं वाचन

का-वे म्हणजे कालेंडरवोखे, वर्षातला क्रमांक दिलेला आठवडा. जर्मन उद्योगात मुदती सर्रास अशाच सांगतात. आठवडा सोमवारी सुरू होतो आणि ज्या आठवड्यात 4 जानेवारी येते तो पहिला. 2025 मध्ये पहिला आठवडा 30 डिसेंबर 2024 लाच सुरू झाला होता. त्या हिशोबाने 22 वा म्हणजे 26 मे ते 1 जून. इथपर्यंत दोन्ही बाजूंचं एकमत होतं. भांडण ‘लीफर’वर होतं. डिलिव्हरी कुठे?

शेटांच्या लेखी माल जहाजावर चढला की डिलिव्हरी झाली. हे वाचन हवेतलं नव्हतं. सीआयएफमध्ये इन्कोटर्म्सप्रमाणे, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापारातल्या ठरीव अटींप्रमाणे, विक्रेता माल निघण्याच्या बंदरात जहाजावर चढवतो तिथेच त्याची सुपूर्दगी होते. भाडं आणि विमा हॅम्बुर्गपर्यंतचा त्याने भरायचा, पण जोखीम जहाजावर चढताच खरेदीदाराकडे जाते. खरेदीदाराच्या फॉर्ममधला रकाना मात्र त्याच्या गोदामाच्या दृष्टीने छापलेला होता. जर्मनीतल्याच पुरवठादारांना पाठवतात तो हा फॉर्म. त्याच्यासाठी लीफरटेर्मीन म्हणजे ट्रक त्याच्या फाटकातून आत येण्याचा दिवस. कागदपत्रं तयार करून कारखान्यापासून न्हावा शेवापर्यंत रस्त्याने, तिथून जहाजाने आणि मग हॅम्बुर्गहून पुन्हा जमिनीवरून दक्षिणेपर्यंत जायचं, म्हणजे दोन वाचनांत दीड महिन्याहून जास्त अंतर. त्यात नोव्हेंबर 2023 पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर बहुतेक मोठ्या कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला होता. त्यानेच दहा-चौदा दिवस वाढलेले.

‘मग आपण उशीर कुठे केला, बाय? मे महिन्यात माल जहाजावर चढतोय की!’ शेट म्हणाले, आणि त्यांच्या बाजूने ते खरंच होतं.

म्हणून हे प्रकरण ‘जर्मन येत नव्हतं, घोटाळा झाला’ एवढ्यावर संपत नाही. उत्तम जर्मन येणाऱ्यालाही त्या रकान्यातून जागा कळली नसती. कमी पडला तो प्रश्न : तुमचा लीफरटेर्मीन कुठला? तो विचारायचं ठिकाण होतं आउफट्राग्सबेश्टेटिगुंग, म्हणजे ऑर्डर मिळाल्यावर ती आपल्या शब्दांत परत लिहून पाठवायचं पत्र. जर्मन व्यवहारात हे पत्र गृहीत असतं. ‘नोटेड’ने ते भागत नाही. नोटेड काय केलं हे समोरच्याला कळायला मार्ग नसतो.

क्रमिक पुस्तक बाजूला

पहिल्या पातळीच्या पुस्तकात माणूस स्वतःची ओळख करून देतो, बेकरीत पाव मागतो, डॉक्टरची वेळ घेतो. माल आणि मुदत फार पुढे येते, तीही फर्निचर घरी मागवण्यापुरती. आम्ही उलट केलं. कारखान्याच्या आलेल्या-गेलेल्या मेल काढल्या आणि त्यातली वाक्यं आख्खी पाठ केली, व्याकरण न उलगडता. डेर-डी-डासच्या, म्हणजे नामाआधी लिंगाप्रमाणे बदलणाऱ्या उपपदांच्या, भानगडीत मी तिला पडू दिलं नाही. ‘इन डेर का-वे 22’ हा एकच शब्द समज म्हटलं. व्याकरणवाल्यांना हे पटणार नाही, पण जिच्यासमोर शुक्रवारपर्यंत उत्तराची मुदत आहे तिला चतुर्थी विभक्तीचा तक्ता देणं मला क्रूरपणाचं वाटतं.

पहिलं वाक्य प्रश्नाचं होतं : ‘माइनन झी मिट लीफरटेर्मीन डेन वारेनआइनगांग बाय ईनन ओडर डी फेरलाडुंग इन इंडियन?’ लीफरटेर्मीन म्हणजे तुमच्याकडे माल पोचण्याचा दिवस, की भारतात चढवण्याचा? वारेनआइनगांग, माल गोदामात येणं, हा शब्द मिळाल्यावर तिचे निम्मे कागद सुटले. दुसरं वाक्य त्याच्याच पाठीवर : ‘बिस आनफांग ओडर बिस एंडे डेर का-वे 22?’ आठवड्याच्या सुरुवातीपर्यंत की शेवटपर्यंत? ‘बिस का-वे 22’मध्ये तो आठवडा धरायचा की नाही यावर जर्मन लोकांचंही एकमत नसतं. तसंच ‘नेश्स्टन फ्रायटाग’, पुढचा शुक्रवार. येणारा की त्याच्या पुढचा यावर तेही वाद घालतात. अशा वेळी तारीख लिहून विचारणं हे भाषा कमी येण्याचं लक्षण नाही, ते धंद्याचं शहाणपण आहे.

कारखान्याच्या ऑफिसात कालनिर्णय टांगलेलं होतं. तिने लाल पेनाने त्यावर आठवड्यांचे क्रमांक लिहिले आणि लगेच अडली. आपल्या दिनदर्शिकेत रविवार सगळ्यात वर असतो, जर्मन आठवड्यात तो सगळ्यात शेवटी. म्हणजे प्रत्येक उभ्या रांगेतला वरचा रविवार आधीच्या क्रमांकाचा. मग तिने तिरक्या रेघा मारल्या. ते पान दिसायला विचित्र झालं, पण पुढे शेटही त्यात बघून बोलू लागले.

22 व्या आठवड्याची आणखी एक गंमत होती. त्यातला गुरुवार, 29 मे, म्हणजे क्रिस्टी हिमेलफार्ट, येशूच्या स्वर्गारोहणाचा सण, सबंध जर्मनीत सुट्टी. सण गुरुवारीच येतो, म्हणून मधल्या शुक्रवारी लोक रजा टाकतात. त्या दिवसाला ब्र्युकनटाग म्हणतात, पुलाचा दिवस. पाच दिवसांच्या आठवड्यात माल उतरवून घ्यायला प्रत्यक्षात तीनच दिवस. सुट्टी शुक्रवारी आली की शनिवार-रविवार जोडून कोण कुठे जाणार याचा हिशोब गोव्यात कोणाला समजावून द्यावा लागत नाही. पण जर्मन माणूसही तसं करतो यावर शेटांचा विश्वास बसायला वेळ लागला.

वचन किती घट्ट

सगळ्यात जास्त वेळ गेला तो छोट्या क्रियाविशेषणांवर, आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा तिथे आहे. माल, जहाज, खोकी हे शब्द कोणीही कोशात बघेल. तारखेच्या आधी येणारा शब्द सांगतो की या तारखेला तुम्ही स्वतःला किती बांधून घेतलं आहे.

‘उन्फेरबिंटलिश’ म्हटलं तर काहीच बांधिलकी नाही, नुसती माहिती. ‘फोराउस्झिश्तलिश’ म्हणजे आजच्या अंदाजाप्रमाणे. चुकलं तर कळवण्याची जबाबदारी तुमची, पण वचनभंग नाही. ‘श्पेटेस्टन्स’ म्हणजे उशिरात उशिरा, त्यापुढे नाही. ‘फेरबिंटलिश’ म्हणजे बांधील. आणि सगळ्याच्या टोकाला ‘फिक्स’.

पोचण्याची नवी मुदत कळवायची होती आणि शेट सांगत होते, ‘लिही, का-वे 26 फिक्स म्हणून.’ आपल्याकडे लग्नाचा हॉल फिक्स होतो, मिटिंग फिक्स होते, आणि दोन्ही बदलतात. जर्मन वाणिज्य संहितेच्या 376 व्या कलमात ठरल्या दिवशी पुरवठा हाच ज्या कराराचा प्राण आहे अशा सौद्याची वेगळी सोय आहे : दिवस टळला की खरेदीदार मुदतवाढ न देता करार सोडू शकतो. नुसता ‘फिक्स’ शब्द लिहिल्याने दर वेळी तसं होईल असं नाही. पण त्या दिशेचा तो खुणेचा शब्द आहे, आणि आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या जहाजावर तो कोणी लावू नये.

शेटांचा दुसरा आवडता पर्याय होता ‘श्नेल्स्टम्योग्लिश’, शक्य तितक्या लवकर. हा शब्द मीच खोडला. आपल्या कानाला त्यात तळमळ ऐकू येते. तारखेची वाट बघणाऱ्या गोदामवाल्याला मात्र एवढंच कळतं की यांच्याकडे तारीख नाही.

काही मोजमापं कायद्यातच पक्की आहेत. जर्मन नागरी संहितेच्या 192 व्या कलमाप्रमाणे महिन्याची सुरुवात म्हणजे 1 तारीख, मध्य म्हणजे 15, शेवट म्हणजे शेवटचा दिवस. ‘मिटे युनी’ लिहिलंत आणि माल 19 जूनला आला, तर आपल्या मते तो मध्यावरच आला. त्यांच्या मते चार दिवस उशिरा. तारीख पंचांगाने ठरलेली असेल तर 286 व्या कलमाप्रमाणे वेगळं स्मरणपत्र न पाठवताही उशीर हा उशीर ठरतो. या सौद्याला कोणता कायदा लागू हा वकिलाचा विषय, पण खरेदीदाराच्या डोक्यातली फूटपट्टी हीच असते. (पोर्तुगीज नागरी संहितेखाली लग्नाचे करार करणाऱ्या गोंयकाराला संहितेचं वजन वेगळं सांगायला नको.)

एक ठिकाण तिला अगदी सोपं गेलं. ‘इन आख्ट टागन’ म्हणजे शब्दशः आठ दिवसांत, बोलण्यात मात्र एका आठवड्याने. ‘आठ दिवसांनी ये’ म्हणणाऱ्या आपल्या माणसालाही सातवा दिवसच अभिप्रेत असतो, त्यामुळे ती अडखळली नाही. पण वाणिज्य संहितेचं 359 वं कलम सांगतं की व्यापाऱ्यांच्या करारात आठ दिवसांची मुदत असली आणि शंका आली तर पूर्ण आठ दिवस धरावेत. बोलताना एक, करारात दुसरं. कामाच्या दिवसांचंही तसंच : ‘वेर्कटाग’मध्ये शनिवार धरतात, ‘आर्बाइट्सटाग’ म्हणताना बहुधा सोमवार ते शुक्रवार मनात असतात. दहा वेर्कटागे आणि दहा आर्बाइट्सटागे यांत दोनेक दिवसांचा फरक पडतो. घाईत असलेल्या मालाला तो भोवतो.

वाईट बातमीची मेल

खरेदीदाराला उत्तर लिहिताना पहिला मसुदा शेटांनी इंग्रजीत सांगितला. त्यात हंगाम, कामगार, जहाजांची टंचाई, आफ्रिकेचा वळसा असं सगळं आधी आणि तारीख शेवटच्या ओळीत. आपल्याकडे कारण आधी सांगणं हा शिष्टाचार आहे. तडक नकार उद्धट वाटतो. आम्ही तो क्रम फिरवला. पहिली ओळ : ‘लायडर क्योनन वीर डेन लीफरटेर्मीन का-वे 22 निश्ट आइनहाल्टन.’ दुर्दैवाने 22 व्या आठवड्याची मुदत आम्ही पाळू शकत नाही. दुसरी : ‘डी वारे ट्रिफ्ट फोराउस्झिश्तलिश इन का-वे 26 बाय ईनन आइन.’ माल बहुधा 26 व्या आठवड्यात, म्हणजे 23 ते 29 जूनमध्ये, तुमच्याकडे पोचेल. तिसऱ्या ओळीत कारण, एकाच वाक्यात. चौथीत, जहाज निघालं की कळवू : ‘झोबाल्ट डास शिफ आउसगेलाउफन इस्ट, मेल्डन वीर उन्स.’

शेटना ती मेल कोरडी वाटली. ‘पाया पडल्यासारखं काहीतरी घाल गो,’ म्हणाले. एक ‘लायडर’ पुरे, असं तीच म्हणाली. माझंही मत तेच. दुसऱ्या माफीला जर्मन वाचक कमकुवत बाजू समजतो.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. कौतुक नाही, राग नाही. 26 वा आठवडा चालेल, दरम्यान हातचा साठा वापरू, पण जहाज निघाल्यावर फेरबिंटलिश तारीख हवी. आणि खाली गोदामातल्या माणसाचा थेट पत्ता. इंग्रजीतून हा पत्ता कधीच मिळाला नव्हता. मला विचाराल तर त्या महिन्याभराच्या शिकण्याची सगळ्यात मोठी कमाई ही होती. खरेदी विभागाला इंग्रजी येतं. माल उतरवून घेणाऱ्याला बहुधा नाही, आणि मुदतीचं खरं उत्तर त्याच्याकडे असतं.

गर जितका तयार होता तो बघून शेटांनी कंटेनर एप्रिलअखेर भरला; जहाज मेच्या पहिल्या आठवड्यात न्हावा शेवाहून निघालं. वाटेत माल दुसऱ्या जहाजावर चढवताना काही दिवस गेले. तेव्हा तिला ‘उम’ आणि ‘आउफ’ लागले. ‘फेरशीप्ट झिश उम’ म्हणजे इतक्याने पुढे ढकललं. ‘फेरशीप्ट झिश आउफ’ म्हणजे या तारखेवर ढकललं. पाच दिवसांनी पुढे आणि पाच तारखेवर पुढे यांत फरक या दोन अक्षरांचा. तिने दोन्ही लिहिले, इतक्या दिवसांनी आणि म्हणून या तारखेवर, म्हणजे एक चुकलं तर दुसऱ्यावरून कळावं. ही युक्ती तिची स्वतःची, आणि पुस्तकात असायला हवी अशी.

माल गोदामात पोचला तो मंगळवारी, 1 जुलैला. तो 27 वा आठवडा. दिलेल्या अंदाजापेक्षा दोन दिवस उशिरा. चोलवर नमुने काढायला वेळ गेला होता आणि तेही तिने आधी कळवलं होतं. खरेदीदाराने बिलातून थोडी वजावट मागितली, शेटांनी घासाघीस करून त्यातली निम्मी मान्य केली. या सगळ्याला कोणी ‘सुशेगाद गोवा’ म्हणेल, म्हणून सांगतो : कारखाना त्याच्या समजुतीतल्या तारखेच्या तीन आठवडे आधी माल घेऊन उभा होता.

त्यानंतरचं

पुढची ऑर्डर जुलैत आली. फॉर्म तोच, रकाना तोच, पण त्यापुढे खरेदीदाराने स्वतःहून ‘वारेनआइनगांग’ लिहिलं होतं. तिने आउफट्राग्सबेश्टेटिगुंग पाठवलं, त्यात दोन तारखा : न्हावा शेवाहून निघण्याची, फोराउस्झिश्तलिश, गोदामात पोचण्याची, श्पेटेस्टन्स. शिवाय एक ओळ जास्त : 27 ऑगस्टच्या आसपास आमचा कारखाना गणेश चतुर्थीसाठी बंद राहील. चवथीला कारखाना बंद असतो हे आजवर कोणी खरेदीदाराला सांगितलंच नव्हतं. दरवर्षी त्या आठवड्यातल्या मेलना उत्तर जात नसे आणि तिकडे काय समज होत असेल ते देवच जाणे.

फोनचं मात्र जमलेलं नाही. उन्हाळ्यात जर्मनीचं घड्याळ साडेतीन तास मागे असतं. तिकडे सकाळी आठ वाजता ऑफिस उघडतं तेव्हा इकडे साडेअकरा. शुक्रवारी दुपारी एकनंतर तिकडे कोणी सापडत नाही. त्यांच्यातच म्हण आहे, ‘फ्रायटाग आप आइन्स माख्ट येडर झाइन्स’, शुक्रवारी एकनंतर ज्याचा तो. उरलेल्या वेळात तिने गोदामात फोन लावला, तर पलीकडचा माणूस पक्क्या दक्षिणी बोलीत ‘द्राय फिर्टल आख्ट’ म्हणाला. ट्रक उतरवण्याची वेळ, पावणेआठ. तीन चतुर्थांश आठ हे तिला पावणेच्या हिशोबाने लगेच उमगलं. त्यापुढचं काहीच कळलं नाही. तिने ‘बिटे पेर मेल’, कृपया मेलने, एवढं म्हणून फोन ठेवला. सध्या आम्ही त्या बोलीतली रेकॉर्डिंग ऐकतो आहोत, आणि तोपर्यंत गोदामवाला वेळा मेलनेच कळवतो.